चार हजार शहाण्णव कड्यांची जाळी

कुडाळच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, दहावीचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सगळं होतं. दुकानात पहिला कॉम्प्युटर आणला त्या दिवशी मी नारळ फोडला, पेढे वाटले आणि आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिली बाई मी, असं येईल त्याला सांगत सुटले. आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. पेढा संपवून तिने हात पुसले आणि म्हणाली, "पयली मी."

तिचं म्हणणं खरं होतं, फक्त मी ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. आई आता बाहत्तरची आहे. लग्नाआधी ती इंदू राणे होती, जोगेश्वरीला मामाकडे राहायची आणि अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या एका कारखान्यात कामाला जायची. तिथे परदेशी कॉम्प्युटरची मेमरी बनायची. आज मेमरी म्हटलं की नखाएवढी काळी चिप डोळ्यांपुढे येते. तेव्हाची मेमरी म्हणजे तळहाताएवढी चौकट. तिच्यात मोहरीहून बारीक काळ्या कड्या आणि प्रत्येक कडीतून ओवलेल्या केसासारख्या तीन तारा. चौसष्ट ओळी, ओळीला चौसष्ट कड्या, एकूण चार हजार शहाण्णव. एका कडीत एकच गोष्ट मावायची, हो किंवा नाही. ओवायचं काम बायकांकडे, कारण यंत्रांना ते धड जमत नव्हतं. कारखान्यात त्या चौकटीला जाळी म्हणायचे, म्हणून मीही जाळीच म्हणते.

आईच्या गोष्टीचा शेवट मात्र कडू होता. तिची एक जाळी तपासणीत नापास झाली. कारण कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओवायच्या बाकावरून उठवून पॅकिंगला बसवलं. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, पण गणपतीला पाहुणे जमले की ही गोष्ट निघायचीच आणि दर वेळी एकाच वाक्यावर संपायची: माझी जाळी बरोबर होती.

गेल्या मार्गशीर्षात तिला मुलुंडहून फोन आला. पलीकडे कांबळे साहेब होते, ती जाळी नापास करणारे तपासनीस. आईच्या जुन्या मैत्रिणीकडून नंबर मिळवला होता. त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली होती, आवराआवर करताना ती जाळी सापडली. घेऊन जा, म्हणाले.

आईने विचारलं, तपासता येईल का? येईल, ते म्हणाले. बोरिवलीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या ग्लोरिया टीचर आहेत, जुनी यंत्रं चालू करून मुलांना दाखवतात. त्यांच्याकडे सोय आहे.

"मगे जावया," आईने मला सांगून टाकलं. विचारलं वगैरे नाही. मी दुकानाला तीन दिवस कुलूप लावलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. ती जाळी खरोखरच खराब निघाली तर या बाईच्या हातात उरणार काय?

शुक्रवार, मुलुंड

आईच्या भाचीकडे बॅगा टाकून आम्ही सकाळीच कांबळे साहेबांकडे गेलो. मुलुंडमधल्या त्या जुन्या सोसायट्या मला आवडल्या. तीन मजले, दारात प्राजक्त, गेटवर वॉचमन पेपर वाचतोय. यातल्या निम्म्या आता पाडायच्या आहेत, आणि लोक त्याबद्दल आमच्याकडे लग्नाबद्दल बोलतात तसं बोलतात: किती वाढीव जागा मिळाली, बिल्डर कसा आहे, कधी उठायचं.

दार त्यांनीच उघडलं. उंच, काटक, टक्कल पडलेले, शहात्तरचे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर तेवढी जागेवर होती, बाकी घर खोक्यांत गेलं होतं. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग ते म्हणाले, "राणे?" आणि आई म्हणाली, "साहेब, केस कुठे ठेवलेत?"

तिथून पुढे मला घाबरायचं कारण राहिलं नाही, निदान जेवेपर्यंत. कांबळे वहिनी मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी ज्वारीची भाकरी, वाटाण्याची उसळ आणि मिरचीचा खर्डा केला होता. आम्ही तांदळाच्या भाकरीची माणसं. पहिल्या घासाला आईने ज्वारीची भाकरी जड असते असं मला डोळ्यांनी सांगितलं आणि मग तीन खाल्ल्या. खर्ड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा वहिनींनी न विचारता दह्याची वाटी पुढे सरकवली.

जेवण झाल्यावर साहेबांनी पलंगावर चादर पसरली आणि एका ट्रंकेतून एकेक वस्तू काढून ओळीत मांडली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रत्येक काळातला एखादा टाकाऊ नमुना जपून ठेवला होता. आधी एक रिकामी चौकट, कड्या नसलेली. तिच्या शेजारी झुरळासारखी पायवाली काळी चिप. मग हिरवी पाटी, तिच्यावर अशा चिपा रांगेने बसवलेल्या. मग हार्ड डिस्कची चकती, आरशासारखी. तिच्यावरून फिरणारं टाचणीच्या टोकाएवढं वाचणारं डोकं. शेवटी बोटाच्या पेरात मावेल असं मोबाइलचं कार्ड. चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्नास वर्षं होती, आणि वस्तू पुढेपुढे लहान होत गेल्या होत्या.

आई चादरीच्या कडेने सरकत गेली. चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, अशा चौकटी मी ओवल्या. हिरव्या पाटीवर बोट ठेवलं, ह्या चिपांचे पाय मी जोडले, दिवसाला किती ते विचारू नका. वाचणाऱ्या डोक्यावर बोट ठेवलं, याच्यावरची तार मी मायक्रोस्कोपखाली गुंडाळली. मोबाइलच्या कार्डापाशी थांबली. हे मी नाही केलं, हे यंत्राने केलं.

मी कॉम्प्युटरचं दुकान चालवते आणि हे मला ठाऊक नव्हतं. पॅकिंगपर्यंतची गोष्टच ती सांगायची. पॅकिंगनंतर तिला पुन्हा बाकावर घेतलं, लग्नानंतरही ती टिकली, मेमरीची तीन-चार रूपं तिच्या बोटांखालून गेली, हे तिने कधी सांगायच्या लायकीचं मानलंच नव्हतं. मला तिथे पलंगाच्या कडेला बसून इतका अभिमान वाटला की मी उगाच वहिनींना भांडी घासू लागायला गेले.

परत आले तेव्हा साहेबांनी स्टीलचा चपटा डबा उघडला होता. आत कापसावर जाळी होती. पुठ्ठ्याची चिठ्ठी अजून दोऱ्याने बांधलेली, तिच्यावर आईचा टोकन नंबर आणि लाल शाईत काट. भंगारात जायची ती तुम्ही का ठेवलीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगेन, आधी तपासू दे.

ग्लोरिया टीचरना रविवारी वेळ होता. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं की आणण्याआधी कोणाकडून तरी मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, एखादा जोड सुटला असेल तर तो तपासणीतही खोटंच दाखवेल. साहेबांच्या ओळखीत घाटकोपरला मोबाइल दुरुस्त करणारा एक जण होता.

शनिवार सकाळ, घाटकोपर

नितीनचं दुकान म्हणजे आमच्याकडच्या पानाच्या गादीएवढं. तीन माणसं आत गेली की चौथ्याने फूटपाथवर उभं राहायचं. पण आत मायक्रोस्कोप होता, गरम हवेची बंदूक होती आणि भिंतीभर उघडे पडलेले मोबाइल. नितीन पस्तिशीचा, बोलायला फटाफट. डब्यातली जाळी बघून त्याला वाटलं मच्छरदाणीचा तुकडा आणलाय. मायक्रोस्कोपखाली धरल्यावर मात्र त्याने ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवत बघितली. नंतर मान वर करून म्हणाला, "काकी, हे हाताने केलंय? खरं सांगा ना."

आईने सांगितलं. त्याने तिला आपली खुर्ची दिली. त्या गल्लीत मेमरीचा जो काही धंदा चालतो त्याचा तो राजा असावा, पण त्याने शेजारच्या दुकानातल्या दोघांना हाका मारून बोलावलं आणि आईची ओळख करून दिली, जशी काही ती त्याचीच काकी.

चौकटीच्या कडेला ज्या टाचण्यांना तारा जोडतात, त्यातल्या एकीचा जोड खरंच तडकला होता. नितीनने चिमटा उचलला तसं आईने त्याचं मनगट धरलं. चिमटा असा मुठीत धरायचा नसतो, मेणबत्ती लावायची आहे का? करंगळी टेबलाला टेकव, मग हात हलत नाही. तो ऐकत राहिला आणि शेवटी त्याने चिमटा आणि सोल्डरची सळई तिच्याच हातात दिली. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढलेल्या त्या डोळ्यांनी तिने एका दमात जोड केला. हात जरासुद्धा थरथरला नाही. घरी चहाचा कप धरताना थरथरतो.

मग म्हणाली, सगळी जाळी एकदा बघते. सावकाश, कडेकडेने, ओळ ओळ करत ती पुढे गेली. मध्यावर थांबली. पुन्हा पहिल्या ओळीशी गेली आणि पुन्हा मध्यापर्यंत आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, डोळे दुखले. डबा बंद केला आणि पिशवीत ठेवला. नितीनने पैसे घेतले नाहीत. काकींकडून फी घेतली तर गल्लीत नाव जाईल, म्हणाला.

घाटकोपरच्या खाऊगल्लीतल्या डोशाबद्दल मी ऐकून होते. जो डोसा मागवला त्यात चीज होतं, पनीर होतं, वरून शेव होती आणि बहुतेक डोसाही होता. आमच्या घरच्या घावण्याला हा प्रकार बघून हार्ट अटॅक आला असता. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि आईला बोलतं करायला हिशेब मांडला. तुझ्या एका जाळीत पाचशे बारा इंग्रजी अक्षरं मावतात. या एका डोशाच्या फोटोला साधारण सहा हजार जाळ्या लागतील. एका जाळीला तुला किती दिवस लागायचे?

"आठवडो," ती म्हणाली.

म्हणजे हा डोसा ओवायला शंभरावर वर्षं. एरवी ती यावर हसली असती. तिने फक्त पाणी मागितलं.

मेट्रोच्या स्टेशनात आमची वाट लागली. पिशवी तपासायच्या यंत्रातून गेली आणि पडद्यावर काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा: स्टीलचा बंद डबा, आत चौकट आणि हजारो तारा. दोन शिपाई आणि एक बाई साहेब असे तिघे आले. डबा कोणी उघडायचा यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी आईनेच उघडला. तिघांना समोर उभं करून तिने जाळी कशी चालते ते पहिल्यापासून सांगितलं. कडीला चुंबक करता येतं, या बाजूने वीज सोडली की हो, त्या बाजूने सोडली की नाही, आणि वीज गेली तरी कडी विसरत नाही. मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती. शेवटी बाई साहेबांनी विचारलं, म्हणजे पेन ड्राइव्ह का आजी?

"पेन ड्राइव्हची पणजी," आई म्हणाली. आम्हाला सोडलं.

शनिवार दुपार, अंधेरी

कारखाना बघायचा हट्ट आईचाच होता. आत जायला पास लागतो आणि पास द्यायला आत ओळखीचा माणूस लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवरून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. जिथे तिचा कारखाना होता तिथे आता काचेची उंच इमारत आहे. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या मुली घोळक्याने बाहेर येत होत्या, कानात हेडफोन. आई म्हणाली, आम्ही पण अशाच यायचो, फक्त वेणीत अबोली असायची, ती गेटवर काढून ठेवावी लागे. फुलांची पाकळी, बांगडीची काच, पावडर, काही आत चालत नसे. बांगड्या न उतरवणाऱ्या मुली मनगटाला फडकं गुंडाळायच्या.

तिने जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. खोली थंड आणि शांत. बाकावर बारा मुली. कोकणातल्या, घाटावरच्या, दोन गुजराथी, एक वसईची. समोर भिंग. मान वाकवायची ती जेवणाच्या सुट्टीलाच सरळ करायची. परदेशी साहेब वर्षातून एकदा यायचा आणि मागे उभा राहून फक्त बघायचा. एकदा त्याला कोणीतरी सुई दिली, ओव म्हणून. तीन कड्यांनंतर त्याने हात जोडले. ही गोष्ट सांगताना आई सकाळपासून पहिल्यांदा हसली.

मग चिपा आल्या. ज्या कामाला बाराजणींचा महिना जाई ते एका चिपेत मावायला लागलं. जाळ्या बंद झाल्या. मुलींना वाटलं आता घरी जायचं, पण त्याच खोलीत, त्याच बाकांवर हिरव्या पाट्या आल्या आणि भिंगाच्या जागी मायक्रोस्कोप आले. चिपा लहान झाल्या तशी नजर आणखी बारीक करावी लागली. शेवटी सुई, चिमटा, माणूस सगळंच मोठं पडलं आणि यंत्रं आली. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. यंत्राला शिकायला एवढी वर्षं लागली, तोवर आम्ही केलं, असं काहीसं ती म्हणाली.

मी विचारलं, उद्याची काळजी वाटते का? तिने चहा दोनदा गरम करून घेतला आणि अर्धा टाकला.

रविवार, गोराई

ग्लोरिया टीचर शिकवतात बोरिवलीला, पण राहतात खाडीपलीकडे गोराईत. कांबळे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बोरिवलीला भेटले. रिक्षाने धक्क्यावर, तिथून बोट. दहा मिनिटांत मुंबई मागे पडते आणि समोर तिवरं, माड, मासे सुकवायच्या काठ्या. आईने नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, मालवण. एवढ्या इमारतींच्या मागे हे गाव अजून आहे यावर माझा विश्वास बसेना.

टीचर पन्नाशीच्या, चर्चहून नुकत्याच आलेल्या, अजून ठेवणीतला झगा अंगात. घराच्या पडवीत त्यांचं टेबल होतं. त्यावर त्यांनी स्वतः बनवलेली एक पाटी, तिला जोडलेला लॅपटॉप. जाळी हातात घेताना त्यांनी आधी हात साबणाने धुतले, हे आईने बघितलं आणि मान डोलावली.

जोडायला अर्धा तास गेला. मग लॅपटॉपवर चौसष्ट बाय चौसष्ट घरांचा पट आला. एकेक कडीत हो लिहायचं आणि वाचायचं, वाचलं तर घर हिरवं. वरच्या कोपऱ्यातून हिरवा रंग पाझरत खाली आला आणि सगळा पट भरला. मग सगळीकडे नाही. पुन्हा हिरवा. मी टाळ्या वाजवल्या. आईने हात मांडीवरून हलवले नाहीत.

टीचर म्हणाल्या, आता अवघड परीक्षा. हो आणि नाही अशा पद्धतीने मिसळून लिहायचं की सगळ्या कड्या एकदम कुरकुरतील. तिसरी तार असते ती यासाठीच. ती अर्ध्या ओळींतून एका बाजूने जाते आणि बरोबर बत्तीस ओळी झाल्यावर उलटी फिरते, म्हणजे वरच्या अर्ध्याची कुरकुर खालच्या अर्ध्याला खोडते आणि ऐकायची ती एकच कडी ऐकू येते.

त्यांनी बटण दाबलं. पट हिरवा होत गेला आणि मधेच एक लाल ठिपका उगवला. मग दुसरा. मग इकडेतिकडे, गोवर आल्यासारखे. टीचरनी पुन्हा केलं. पुन्हा लाल.

मला आईकडे बघवेना. कांबळे साहेबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. ते म्हणाले, "राणे, त्या दिवशी एसी बंद पडला होता. माझं मशीन गरम झालं की वेडंवाकडं दाखवायचं. तरी मी काट मारली. म्हणून ही भंगारात टाकली नाही. एवढी वर्षं मी धरून चाललोय की चूक माझ्या मशीनची असेल."

आई उठून टेबलापाशी गेली.

"नाही साहेब. तुमचं मशीन बरोबर होतं. तार बत्तीसच्या पुढे फिरायची ती तेहतीसच्या पुढे फिरलीय. काल घाटकोपरला दिसलं मला. दोनदा मोजलं."

आणि मग तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण हे फक्त आमच्याकडच्या बाईलाच होऊ शकतं. त्या आठवड्यात ती भातझोडणी करून गावाहून आली होती. चार दिवस खळ्यावर पायलीने भात मोजलं होतं. भात मोजताना आमच्यात पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं तर एकावर थांबतं म्हणतात. सोमवारी ती बाकावर बसली, पहिल्या ओळीला तोंडातून सवयीने लाभ गेलं. पुढच्या ओळीला कारखान्याची सवय जागी झाली आणि तिथून तिने एक मोजायला सुरुवात केली. तिच्या बत्तीस ओळी झाल्या तेव्हा जाळीत तेहतीस झाल्या होत्या.

"लाभ म्हटलेली ओळ मोजायची राहिली," ती म्हणाली. "माझी चूक."

पंचेचाळीस वर्षांचं वाक्य तिने असं दोन शब्दांत मोडलं, तेही ज्याच्यावर राग धरला त्या माणसासमोर. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती उलट ताठ उभी होती. मी विचारलं, काल का नाही बोललीस? म्हणाली, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता, यंत्राने सांगू दे म्हटलं. कांबळे साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, मग बराच वेळ तो पुसतच राहिले.

टीचर म्हणाल्या, काही हरकत नाही, चूक असलेली जाळी मुलांना शिकवायला जास्त बरी. आईने त्यांना मधेच थांबवलं. "दुरुस्त होते की ही. भिंग आहे ना तुमच्याकडे?"

होतं. तेहतिसाव्या ओळीची तिसरी तार दोन्ही कडांना कापायची आणि दोन बारीक तारांनी तिची तोंडं अदलाबदल करायची, म्हणजे ती ओळ आपल्या योग्य अर्ध्यात जाते. कारखान्यात त्या तारेला जोड चालत नसे, माल परदेशी जायचा, म्हणून तेव्हा कोणी दुरुस्तीचा विचारही केला नाही. आता माल कुठेच जायचा नव्हता.

आईने पदर खोचला, बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या आणि बसली. करंगळी टेबलाला टेकलेली. पडवीत आम्ही तिघं तिच्या मागे उभे होतो. जवळजवळ तास लागला. एकदा तार हातातून निसटली, तेव्हा तिने आईवरून मालवणी शिवी दिली आणि लगेच भिंतीवरच्या येशूकडे बघून कानाला हात लावला. टीचर खो खो हसल्या.

अवघड परीक्षा पुन्हा लावली. हिरवा रंग वरून उतरायला लागला. मध्यावर आला, बत्तीस, तेहतीस, आणि तसाच खाली गेला. एकही लाल नाही. टीचरनी दहा वेळा लावली. दहाही वेळा अख्खा पट हिरवा. कांबळे साहेबांनी आईशी हात मिळवला, कारखान्यात साहेबांशी मिळवतात तसा, आणि मी मात्र सगळ्यांसमोर रडले. दुःखाचं काही नव्हतं. माझ्या आईने बाहत्तराव्या वर्षी आपली चूक स्वतः शोधली, स्वतः कबूल केली आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. एवढं मला एका तासात बघायला मिळालं, रडू नको तर काय करू?

टीचरनी विचारलं, आता हिच्यात काय लिहूया? पाचशे बारा अक्षरं आहेत. आईने बाकावरच्या मुलींची नावं सांगितली, लग्नाआधीची, तेव्हा होती तशी. टीचर टाइप करत गेल्या. अकरा झाली आणि आई थांबली. बारावं नाव कांबळे साहेबांनी सांगितलं, इंदू राणे. मग टीचरनी पाटीची विजेची तार काढून टाकली, वीज बंद, आणि आम्ही जेवायला बसलो. वर्षाचा बाटलीत भरून ठेवतात त्या बॉटल मसाल्यातलं माशाचं कालवण, उकड्या तांदळाचा भात. मसाला आमच्यापेक्षा वेगळा, खोबरं कमी, पण आईने कृती विचारून घेतली, म्हणजे काय ते समजा. दोन तासांनी वीज लावली. बाराही नावं जागेवर होती.

जाळी टीचरकडेच ठेवली, कॉलेजातल्या कपाटात लावायला. आईनेच सांगितलं तसं.

परतीच्या बोटीत गर्दी नव्हती. आमच्या समोर एक कोळीण बसली होती, रिकाम्या टोपलीवर हात टेकून. तिने आईला विचारलं, पाहुण्या का, कोणाकडे आला होता? आईला एवढं पुरतं. ती पहिल्यापासून सुरू झाली, अंधेरी, बारा मुली, कड्या, तारा. मी हसत बाहेर पाण्याकडे बघत होते आणि ती गोष्टीच्या शेवटाकडे आली तसे कान टवकारले.

"माझी जाळी चुकली होती," ती म्हणाली. आवाज तोच, गणपतीला पाहुण्यांसमोर असतो तेवढाच मोठा. "आज दुरुस्त करून आले."

कोळणीने विचारलं, मग आता कुठाय ती?

"ती होय?" आई म्हणाली. "ती चालू आहे."